तुर्की कॉफी शिकायची तर घरच्या चुलीपाशी

इस्तंबूलला कुणाच्या घरी कॉफी आणि गोड पदार्थ शिकायला जाणार असाल, तर यजमानीणबाईंना एक विनंती जरूर करा: जेझवे, म्हणजे लांब दांड्याचं ते छोटं भांडं, माझ्या हातात द्या म्हणावं. नुसतं बघून ही कॉफी येत नाही. पाणी गार घ्यायचं, ते ज्या कपातून प्यायची त्याच कपानं मोजून. पिठासारखी बारीक कॉफी कपाला दोन छोटे चमचे. साखर सुरुवातीलाच पडते, म्हणून ‘सादे’ (बिनसाखरेची) की ‘ओर्ता’ (मध्यम गोड), ते आधीच सांगा. मग आच मंद. कडेनं फेस चढू लागला की नजर हलवू नका. उकळी फुटली की फेस गेलाच! तो आधी चमच्यानं प्रत्येक कपात थोडा थोडा वाटायचा. ओतल्यावर गाळ खाली बसू द्या.

गोडात बकलाव्याच्या पातळ पाऱ्या पहिल्याच दिवशी लाटायला घेऊ नका. ‘इर्मिक हेल्वा’ शिका. लोण्यात रवा आणि चिलगोजे खमंग भाजायचे, वर गरम दूध-साखर. शिरा करणाऱ्या हाताला तो लगेच जमतो.