स्वस्तातली लिव्हअबोर्ड बोट निवडताना मी काय पाहतो

नागपुरात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. होळीपासून मिरग लागेपर्यंत कूलरच्या मोटरी आणि पंप यांतून मान वर करायला फुरसत नसते, म्हणून माझी सुट्टी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. अंदमान समुद्रात आणि मालदीवमध्ये डाइव्हिंगचे चांगले दिवस नेमके तेच, हे माझं नशीब. आतापर्यंत तीनदा लिव्हअबोर्डवर गेलो. एकदा थायलंड, एकदा मालदीव, एकदा इजिप्तचा लाल समुद्र. तिन्ही वेळा भिशीच्या पैशातून, आणि तिन्ही वेळा त्या मार्गावरच्या स्वस्त बोटींपैकी एकीवर.

मागच्या आठवड्यात भाचा दुकानात आला आणि फोन पुढे केला. "मामा, हे पाहा न. चार दिवसांची बोट एवढ्या स्वस्तात मिळून राहिली. बुक करू का?" फोटोत पांढरी बोट, निळं पाणी, डेकवर गाद्या टाकलेल्या. मी विचारलं, "झोपायचं कुठं? अन् रात्री आग लागली तर निघायचं कुठून?" त्याला सांगता येईना. मग चहा मागवला आणि त्याला बसवून घेतलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

लिव्हअबोर्ड म्हणजे जिच्यावरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह मारायच्या अशी बोट. किनाऱ्यावरून रोज जाऊन-येऊन जिथलं पाणी नीट पाहून होत नाही, तिथे ही बोट कामाची. थायलंडच्या सिमिलन बेटांकडची कोह बॉन आणि रिशेल्यू रॉक ही ठिकाणं तशीच आहेत. अशा बोटीवर तुम्ही रात्री गाढ झोपलेले असता आणि चहूकडे काळोखं पाणी असतं. म्हणून डाइव्ह साइट, जेवण, कासवांचे फोटो हे सगळं मी नंतर पाहतो. आधी पाहतो झोपायची जागा.

2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची डाइव्हिंग बोट नांगर टाकून उभी होती. पहाटे तिला आग लागली. खालच्या डेकवर बंकमध्ये झोपलेले 33 प्रवासी आणि एक कर्मचारी असे 34 जण गेले. त्या झोपायच्या खोलीला बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या, एक जिना आणि एक बंकवरची झडप. पण दोन्ही वाटा वरच्या एकाच हॉलमध्ये उघडत होत्या आणि आग त्याच हॉलमध्ये होती. रात्री फेरी मारायला पहारेकरीही ठेवलेला नव्हता. हे वाचलं तेव्हापासून "इमर्जन्सी एक्झिट आहे का?" असं मी विचारतच नाही. त्याचं उत्तर सगळेच "हो" देतात. मी विचारतो, "दुसरी वाट कुठे उघडते?" ती थेट उघड्या डेकवर निघाली पाहिजे, जिन्यापासून लांब, आणि आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजे.

नोव्हेंबर 2024 मध्ये इजिप्तमधल्या पोर्ट गालिबहून निघालेली ‘सी स्टोरी’ ही बोट दुसऱ्याच पहाटे लाल समुद्रात उलटली. काही लोक केबिनमध्येच अडकले. त्यातले काही जण उलट्या बोटीच्या आत कोंडलेल्या हवेवर तग धरून राहिले आणि एक दिवसाहून जास्त वेळाने डायव्हरांनी त्यांना बाहेर काढलं. ती बोट जुनाट नव्हती, फोटोत चांगली चकचकीत दिसायची. म्हणून रंगरंगोटीवर मी भरवसा ठेवत नाही. लाकडी बोट वाईट आणि लोखंडी चांगली असंही मी मानत नाही. ती शेवटची गोदीत कधी चढवली होती आणि खालचं काय काय काम केलं, हे विचारायचं. नीट चालवणारा माणूस महिना-वर्ष सांगतो.

तर पैसे भरण्याआधी व्हॉट्सॲपवर मी हे विचारतो. माझ्या केबिनमधून उघड्या डेकवर जायच्या दोन वाटांचा व्हिडिओ पाठवाल का? रात्रभर कोण जागं असतं आणि किती वेळाने फेरी मारतं? केबिनमध्ये धूर ओळखणारा अलार्म आहे का? टॉर्च-कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करता? अपघातात द्यायचा ऑक्सिजन किती आहे आणि तो द्यायला शिकलेलं कोण आहे? एका गाइडमागे किती डायव्हर? उत्तर काय येतं याइतकंच ते कसं येतं हेही पाहायचं. मालदीवच्या बोटीच्या मॅनेजरने मला विचारल्या दिवशी संध्याकाळी मोबाइल हातात धरून केबिनपासून वरच्या डेकपर्यंत चालत जाऊन शूटिंग पाठवलं होतं. त्या बोटीचे पडदे फाटके होते, बाथरूम दोन केबिनमध्ये मिळून एक. तरी मी डोळे मिटून तीच घेतली आणि सात रात्री शांत झोपलो. दुसऱ्या एका ठिकाणी माझ्या सहा प्रश्नांना फक्त सवलतीचं कूपन आलं. ती सोडली.

चार्जिंगचं थोडं जास्त सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. वीस डायव्हर म्हणजे चाळीस-पन्नास लिथियम बॅटऱ्या: टॉर्च, कॅमेरे, फोन, पॉवर बँक. खारी हवा सॉकेटची पट्टी खाते, पट्टी सैल पडली की ठिणगी आणि उष्णता. चांगल्या बोटीवर चार्जिंगची एकच जागा असते, माणसांच्या नजरेसमोर, आणि रात्री सगळे झोपायला गेले की ती बंद करतात. बोटीवर पाय ठेवला की तिथल्या प्लगला मी हाताची मागची बाजू लावून पाहतो. कोमट चालतो. हात काढून घ्यावासा वाटला तर त्या पॉइंटवर काही लावायचं नाही आणि कॅप्टनला लगेच सांगायचं. एका एक्सटेन्शनमध्ये दुसरं एक्सटेन्शन खोचलेलं दिसलं तर तेही सांगायचं. लाजायचं नाही. केबिनमध्ये उशीखाली पॉवर बँक लावून झोपणारा सोबती असेल तर त्यालाही समजवायचं.

दुसरी गोष्ट हवा. सिलिंडरमधली हवा बोटीवरच्या कॉम्प्रेसरने भरतात आणि बहुतेक स्वस्त बोटींवर तो कॉम्प्रेसर जनरेटरच्या शेजारीच बसवलेला असतो. एका सहलीत दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीने सिलिंडरचा व्हॉल्व्ह जरासा उघडून हुंगला. चांगल्या हवेला कसलाच वास नसतो, ती कोरडी लागते. ह्या हवेला डिझेलच्या धुराचा वास होता, अगदी पुसट. जळलेल्या वाइंडिंगचा वास दिवसभर नाकात घेऊन जगणारा माणूस मी, माझी चूक व्हायची नाही. गाइडला घेऊन मागे गेलो. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी वर खांबाला बांधलेली असायला हवी होती. तिचा पट्टा तुटला होता आणि नळीचं तोंड जनरेटरच्या धुराड्यापासून दोन हातांवर लोंबत होतं. सगळे सिलिंडर रिकामे करायला लावले, नळी वर बांधून पुन्हा भरले. पहाटेची डाइव्ह गेली. दोन-तीन जण माझ्यावर नाराज झाले, आणि त्यांचंही बरोबर होतं, पैसे त्यांनीही भरले होते.

तरी मी पुन्हा तेच करेन. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो, रंग नसतो. 30 मीटर खोलीवर दाब वरच्या चौपट असतो, म्हणजे वर जेमतेम चालून जाणारी भेसळ खाली चौपट भारी पडते. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि पाण्याखाली गुंगी म्हणजे काय ते डाइव्ह करणाऱ्याला सांगायला नको. म्हणून हवा कुठून ओढता, फिल्टर कधी बदलला, त्याची वही दाखवा, हे विचारायचं. फिल्टरची वही ठेवणारा माणूस इंजिनचं तेलही वेळेवर बदलतो, हा माझा अनुभव. आणि वास नसला तरी हवा शुद्धच असते असं नाही, म्हणून एकाच बोटीवर दोन-तीन जणांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर समुद्राला दोष देऊन गप्प बसू नका, हवेचा संशय घ्या.

आता पैशाचं. जाहिरातीतली किंमत ही सुरुवात असते. मालदीवच्या त्या सात रात्रींचे जाहिरातीत 1,050 डॉलर होते. साहित्याचं भाडं, कर, इंधनाचा अधिभार, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) आणि खलाशांची टिप धरून माझे 1,480 गेले. 17 डाइव्ह झाल्या, म्हणजे डाइव्हमागे 87 डॉलर. तुलना करताना हाच आकडा काढा. भाच्याच्या बोटीवर चार दिवसांत 14 डाइव्ह होत्या. तिच्याहून स्वस्त दिसणारी दुसरी बोट दहाच देत होती आणि नॅशनल पार्कची फी वेगळी रोख घेत होती, म्हणजे तीच महाग.

काटकसर कुठे करायची? केबिनमध्ये. दिवसभर तुम्ही पाण्यात नाहीतर डेकवर असता, केबिनमध्ये फक्त झोपता. वाट नीट असेल तर खालच्या डेकचा बंक घ्या, बोटीच्या मधोमध मिळाला तर उत्तम, तिथे हेलकावे कमी. बाथरूम सामायिक चालेल. हंगामाच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी दर पडतात, सिमिलनचं पार्क साधारण मध्य ऑक्टोबर ते मध्य मे उघडं असतं. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली-वेळेचा हिशोब ठेवणारं मनगटावरचं यंत्र) आणि पाण्यावर सोडायचा सिग्नलचा फुगा स्वतःचा ठेवा, बाकी भाड्याने. कॉम्प्युटर भाड्याचा घेऊ नका. रोज दुसऱ्याच्या मनगटावर फिरणाऱ्या यंत्रात तुमच्या कालच्या डाइव्हचा हिशोब राहत नाही.

वाचलेले पैसे मी नायट्रॉक्समध्ये घालतो. त्याचा कोर्स केलेला असला पाहिजे. दिवसाला चार डाइव्ह, तेही सलग चार दिवस, म्हणजे शरीरात नायट्रोजन साचत जातो. 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण असलं की तो कमी साचतो. मात्र त्यावर साधारण 33 मीटरच्या खाली जायचं नाही, आणि प्रत्येक सिलिंडर स्वतः ऑक्सिजनचा मीटर लावून तपासून वहीत सही करायची. मीटरच नाही असं बोटवाल्याने सांगितलं तर साधी हवा घ्या. डाइव्हिंगचा विमा मात्र कापू नका. साध्या प्रवास विम्यात डाइव्हिंग बरेचदा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा. डॅनसारख्या संस्था खास डायव्हरांसाठी काम करतात.

मार्ग आपल्या ताकदीचा हवा. ओपन वॉटर या पहिल्या सर्टिफिकेटवर 18 मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्या ॲडव्हान्स्डवर 30. आपल्याकडची बरीच मंडळी तारकर्लीला किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला शिकलेली असतात. तिथलं शिक्षण चांगलं असतं, पण मालदीवच्या अटोलांमधल्या (प्रवाळाच्या कड्यासारख्या बेटांमधल्या) वाटांना जी ओढ असते ती मी तरी तिकडे अनुभवली नव्हती. समुद्राचं पाणी त्या अरुंद फटीतून आत-बाहेर करतं आणि माणूस पतंगासारखा ओढला जातो. लाल समुद्रातल्या ब्रदर्स आणि डेडलस या ठिकाणांना तर बऱ्याच बोटी 50 नोंदवलेल्या डाइव्ह मागतात. पहिली लिव्हअबोर्ड करणाऱ्याला मी सिमिलनच सांगेन. पाणी उबदार, सोप्या आणि अवघड दोन्ही साइट्स, आणि तीन-चार रात्रींत सहल आटोपते. वर्षभर पाण्यात गेला नसाल तर तसं आधीच कळवा आणि पहिली डाइव्ह उथळ मागून घ्या.

परतीचं विमान काढताना बोट किनाऱ्याला कधी लागते ते पाहू नका, शेवटची डाइव्ह कधी संपते ते पाहा. शरीरात साचलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, म्हणून अनेक दिवस डाइव्ह केल्यावर निदान 18 तास उडायचं नाही. नागपूरकरांना बहुधा मुंबई किंवा दिल्लीवरून जोडणी घ्यावी लागते, घाईत स्वस्त तिकिटाच्या नादी लागून लोक हे तास खातात. मी पूर्ण एक दिवस किनाऱ्यावर ठेवतो. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, आणि डब्यात चिवडा न्या. पहाटेच्या डाइव्हनंतर भूक भयंकर लागते.

बोटीवर पहिल्या संध्याकाळी एक काम करायचं. बंकवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, आणि उठून चाचपडत दुसऱ्या वाटेने डेकपर्यंत जायचं, पावलं मोजत. झडप स्वतःच्या हाताने उघडून पाहायची. लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघून घ्यायचं. लाल समुद्रातल्या बोटीवर माझ्या बंकपासून अकरा पावलं होती आणि सातव्या पावलाला कोणाची तरी बॅग आडवी पडलेली होती. ती मी रोज रात्री बाजूला सरकवायचो. चौथ्या दिवशी त्या बॅगेच्या मालकाने ती आपणहून बंकखाली घातली.

भाच्याने सहाही प्रश्न दुकानातूनच पाठवले. दुसऱ्या दिवशी पाच उत्तरं आली, व्हिडिओसकट. झडप पुढच्या डेकवर उघडते, ते मी स्वतः पाहिलं. रात्रीच्या पहाऱ्याचं उत्तर राहिलं होतं. "मामा, भरू का पैसे?" असं तो रोज विचारतो. मी म्हटलं, सहावं येऊ दे.