करट, खपली, लालबुंद पाय: या चुका टाळा

करट ठणकायला लागलं की हात तिकडेच जातो. तोंड जरा पांढरं दिसलं की दोन नखांत धरून दाबायचं, थोडा पू आला की काम फत्ते. करट म्हणजे केसाच्या मुळाशी साठलेला पू. तो दाबला की थोडा बाहेर येतो आणि उरलेला आजूबाजूच्या चरबीत घुसतो. पुढचा क्रम ठरलेला: सोमवारी वाटाण्याएवढं करट दाबलं, मंगळवारी सुई तापवून टोचलं, बुधवारी पुन्हा पिळलं, शुक्रवारी लिंबाएवढं गळू, अंगात ताप आणि चीर देऊन पू काढायची पाळी. नाक आणि वरचा ओठ यांच्या आसपासच्या करटाला तर बोटही लावू नका. तिथल्या शिरांमधून जंतू मेंदूपर्यंत पोहोचू शकतात.

सोसवेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडका बुडवून, पिळून १० ते १५ मिनिटं शेक द्या, दिवसातून तीन-चार वेळा. फडका दर वेळी धुतलेला हवा. आपणहून फुटलं की धुऊन कोरडी पट्टी बांधा. ‘दोन दिवस शेकलं, काही झालं नाही’ ही तक्रार नेहमीची. अहो, करट पिकायला आठवडासुद्धा लागतो! पण मोठं, मऊ पडलेलं गळू नुसत्या गोळ्यांनी बसत नाही. डॉक्टरांकडून त्याचा निचराच करून घ्यावा लागतो.

लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती मधासारख्या पिवळट खपल्या दिसल्या तर तो बहुधा इम्पेटिगो, म्हणजे कातडीच्या वरच्या थराला होणारा, एकाकडून दुसऱ्याला लागणारा जंतुसंसर्ग. खपलीवरच मलम फासलं तर ते खपलीलाच लागतं. आधी कोमट पाण्याने भिजवून ती मऊ करा, हलक्या हाताने काढा, मग डॉक्टरांनी दिलेलं मुपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम लावा. टॉवेल वेगळा, आणि उपचार सुरू झाल्यावर ४८ तास शाळा बंद.

खाज-लाली-नायटा सगळ्यावर ‘चालणारं’ मलम घरात असतंच. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. लाली फिकी पडते, आत जंतू मोकाट.

करटावर टूथपेस्ट नको. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या नकोत. वरचेवर करटं येत असतील तर रक्तातली साखर तपासा.

पाय लाल, गरम, सुजलेला, दुखरा आणि लाली पसरतेय, म्हणजे सेल्युलायटिसचा, कातडीच्या खोल थरातल्या जंतुसंसर्गाचा संशय. हा सहसा एकाच पायाला होतो. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर कारण बहुधा वेगळं. इथे लोक नुसतं ‘वाढलंय वाटतं’ म्हणत बसतात. बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ मारा, शेजारी वेळ लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक सुरू केल्यावर पहिले २४ ते ४८ तास लाली रेघेबाहेर थोडी जाऊ शकते, तेवढ्यावरून औषध बदलायला धावू नका. त्यानंतरही पसरत असेल किंवा ताप वाढला तर मात्र परत दाखवा. पाय उशांवर उंच ठेवा. आणि बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या बऱ्या करा. जंतू बरेचदा तिथूनच शिरतात, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

दिसतं त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त, कातडी जांभळी-काळी, दाबल्यावर कातडीखाली चरचर आवाज, रुग्ण असंबद्ध बोलतोय, यातलं काहीही असलं तर मध्यरात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. तेव्हा रेघ मारायलाही थांबू नका.