राणीबाग पाहायची तर आधी झाडं, मग पेंग्विन

भायखळ्याची राणीबाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद. गुरुवारी जाणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. शनिवार-रविवार टाळलेलाच बरा. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, पुढे चालतच जा. पार्किंगच्या भानगडीत पडू नका.

आत शिरल्यावर सगळे पेंग्विनकडे धावतात. तुम्ही उलट करा: सकाळचा पहिला तास झाडांना द्या. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला शोधाल तर दिसणार नाहीत. ती थेट खोडातून लोंबणाऱ्या दोरीसारख्या काड्यांवर येतात. सुगंध सकाळी ताजा असतो, उन्हं चढली की उतरतो. खाली पडलेलं फूल उचलून बघा, मधला पुंकेसरांचा झुपका नागाच्या फण्यासारखा वळलेला असतो. मात्र झाडाखाली बसकण मारू नका. फळ तोफगोळ्याएवढं, कठीण आणि चांगलंच वजनदार असतं, आणि पडताना सूचना देत नाही! उर्वशीच्या झाडाचा बहर पाहायचा असेल तर हिवाळा सरताना जा.

पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र आधी पेंग्विनच दाखवा, नाहीतर झाडं बघू देणार नाहीत.