बचत गटात अन्न वाचवायचं चॅलेंज लावताय? आधी हे करा
पहिला आठवडा काहीच बदलू नका जी, फक्त मोजा. घरोघरी एक जुना डबा ठेवायचा, सुकलेल्या पोळ्या, आंबलेलं वरण, गंजाच्या (पातेल्याच्या) बुडाचा भात सगळं त्यात, अन् ढोराला घातलं तेही मोजायचं कारण रांधलं तर माणसासाठीच होतं ना. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात आपल्या देशात घरात माणशी वर्षाला अंदाजे ५५ किलो अन्न वाया जातं असं दिलंय, लय होते हे! पण बैठकीत कोणाचंच वजन वाचून दाखवू नका, बाया लाजतात अन् मग डबा रिकामाच आणतात. ज्यानं त्यानं आपल्याच मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचं. दुसऱ्या आठवड्यात नियम एकच, कणीक भिजवायच्या आधी वावरातून जेवायला कोण कोण येणार ते फोन करून विचारायचं.