विंडोज परत टाकताय? आधी हॉटकीवाला प्रोग्रॅम उतरवून घ्या

येत्या शनिवारी साताऱ्याला जाऊन आप्पांच्या लॅपटॉपमध्ये जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची आणि विंडोज नव्याने टाकायचंय. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी काय झालं ते सांगतो, म्हणजे मी एकाच गोष्टीवर का अडून बसलोय ते कळेल.

आप्पा पहाटे अभंग लावतात. दूधवाला आला किंवा फोन वाजला की चष्मा न शोधता बोटानं चाचपून वरच्या ओळीतलं थांबवायचं बटण दाबतात. मी रविवारी फॉरमॅट मारला, आवाज येतोय एवढं पाहिलं आणि स्वारगेटची एसटी पकडली. सोमवारी सकाळी फोन, "अरं, ह्ये गाणं थांबंना की! लॅपटॉप मिटला तवा कुठं गप बसलं."

आवाजाची बटणं मात्र चालू होती, म्हणूनच मी फसलो. काही बटणांचा संकेत विंडोजला मुळातच ओळखता येतो. बाकीची, एफएनबरोबर दाबायची कित्येक बटणं, म्हणजे हॉटकी, यांचा संकेत थेट कीबोर्डमधून येत नाही. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम, नुसता इशारा देतो आणि त्या इशाऱ्याचा अर्थ लावायला कंपनीचा स्वतःचा हॉटकी प्रोग्रॅम पाठीमागे चालू असावा लागतो. तो नसेल तर बटण दाबलं काय नि न दाबलं काय.

तर तयारी. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड: घ्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजनं घातलेलं कुलूप, चालू असेल तर ते उघडायचा लांबलचक आकडा, म्हणजे रिकव्हरी की, कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका.

मग ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचा एकेक भाग विंडोजकडून चालवून घेणारे छोटे प्रोग्रॅम. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजमधल्याच पीएनपीयुटिलच्या (pnputil) एक्स्पोर्ट-ड्रायव्हर कमांडनं सगळे पेनड्राइव्हवर काढता येतात. मी गेल्या वेळी हे केलं होतं आणि त्यातच खूश होतो. पण त्यात फक्त ड्रायव्हर येतात. हॉटकीचा प्रोग्रॅम येत नाही. तो वेगळा उतरवायचा. पुन्हा सांगतो, वेगळा उतरवायचा, आणि फॉरमॅटच्या आधी, कारण नंतर वायफायचाच ड्रायव्हर नसला तर बसा मोबाइलचा हॉटस्पॉट केबलनं जोडत.

नाव प्रत्येकाकडे निराळं. एचपीकडे हॉटकी सपोर्ट, लेनोवोकडे हॉटकी फीचर्स इंटिग्रेशन, जुन्या आसुसवर एटीके पॅकेज, जुन्या डेलवर क्विकसेट, जुन्या एसरवर लाँच मॅनेजर. लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवरून नेमकं मॉडेल घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या पानावरून घ्या. 'ड्रायव्हर फुकटात अपडेट करून देतो' म्हणणारी सॉफ्टवेअरं नकोत. जुन्या मॉडेलचं पान सापडत नसेल तर सी ड्राइव्ह धुंडाळा: एचपीवर एसडब्ल्यूसेटअप, आसुसवर ईसपोर्ट अशा नावाच्या फोल्डरमध्ये कंपनीनं दिलेले इन्स्टॉलर बऱ्याचदा पडून असतात. फॉरमॅट मारला की तेही गेले.

पेनड्राइव्हवर हॉटकीचा प्रोग्रॅम आहे? नुसतं नाव बघू नका, फाइल पूर्ण उतरलीय का बघा.

फॉरमॅटच्या आधी पाच मिनिटं काढून वरच्या ओळीतलं प्रत्येक बटण दाबा आणि काय होतं ते वहीत लिहा. बटण आधीपासूनच मेलेलं असेल तर नंतर तासभर ड्रायव्हरला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर हवा.

टाकताना क्रम: चिपसेट, ग्राफिक्स, ऑडिओ, मग हॉटकी, मग रीस्टार्ट. उजेड कमी-जास्त होत नसेल तर हॉटकीला दोष देण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' दिसतंय का बघा. दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तिथंच 'अननोन डिव्हाइस' असेल तर त्याचा हार्डवेअर आयडी, म्हणजे ओळखीचा कोड, पाहा. व्हीपीसी२००४ म्हणजे लेनोवोचं, एचपीक्यू६००१ म्हणजे एचपीच्या वायरलेस बटणाचं. आणि एफ१ ते एफ१२ उलटेसुलटे वागत असतील तर काही मोडलेलं नाही, कित्येक लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की सरळ होतं, नाहीतर बायोसमध्ये सेटिंग असतं.

अपडेट, ॲक्टिव्हेशन, मराठी कीबोर्ड, प्रिंटर, नेहमीचंच. जुनी डिस्क महिनाभर कपाटात ठेवा.

आणि एसटी गाठायच्या आधी अभंग लावून आप्पांना स्वतः थांबवायला लावायचं. चष्मा न घालता.