वायरिंग करताना नेटवर्क केबल कापली गेली, आता काय करायचं?

ड्रिलच्या बिटला गुंडाळून नारिंगी-पांढऱ्या तारेचा तुकडा बाहेर आला की पोटात गोळा येतो. मला आला होता, आणि घाईघाईत मी तारा एकमेकींना पिळल्या, टेप मारली, वरून पुट्टी भरून मोकळा झालो. नेट चाललं पण रडत रडत, आणि शेवटी तीच भिंत परत फोडावी लागली. तुम्ही तसं करू नका.

आधी ड्रिल बाजूला ठेवा आणि मेन स्विच बंद करा. नेटवर्क केबलचा शॉक बसत नाही हे बरोबर, पण त्याच भिंतीत लाईटची वायरही असू शकते आणि तिला बिट लागला असेल तर बाहेरून कळत नाही. केबलवरूनच कॅमेऱ्याला पॉवर जात असेल, म्हणजे पीओई, तर तिच्यात ४८ व्होल्ट डीसीच्या आसपास असतं, पॉवर देणाऱ्या बाजूचं केबलचं टोकही काढून ठेवा.

मग केबल कुठली ते बघा. आत रंगीत आठ तारा, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या, म्हणजे कॅट ५ई किंवा कॅट ६. केसासारखी काच निघाली तर ती फायबर. तिच्या टोकाकडे डोळा लावून बघू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो, काचेचे कण बोटात घुसतात ते वेगळंच. ती जोडायला मशीन लागतं, सरळ कनेक्शनवाल्याला बोलवा. पुढचं सगळं तांब्याच्या केबलचं.

आता नुकसान किती झालंय? नुसतं वरचं कव्हर खरचटलंय, आतल्या तारा शाबूत आहेत, तर टेप मारा आणि विषय संपवा, उगाच केबल कापत बसू नका. पण आतली एखादी तार तुटली की फसायला होतं, कारण नेट चालू राहू शकतं! १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, नेहमीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा चॉकलेटी तुटली तर राउटरचा लाईट लागलेला दिसेल, फक्त कॉम्प्युटरवर लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दाखवेल. म्हणून "चालतंय की" म्हणण्याआधी तो आकडा बघा.

तार तुटलीच असेल तर जोड द्यायची घाई नको. बोर्डच्या मागे किंवा पाईपमध्ये जास्तीची केबल आहे का बघा. तुटलेली जागा टोकाजवळ असेल तर खराब भाग कापून तिथेच नवा जॅक, म्हणजे प्लग ज्यात घुसतो ते सॉकेट, बसवायचा, जोडाची भानगडच नाही. केबल पाईपमधून मोकळी गेली असेल तर त्याहून भारी उपाय म्हणजे जुन्या केबललाच नवी बांधून ओढणे. पूर्ण तुटली असेल तर दोन्ही तुकडे त्या भोकातून बाहेर काढून नवी केबल दोन टप्प्यांत ओढायची. बांधलेली जागा निमुळती ठेवा, एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने पलीकडून सरकवायचं, अडकली तर हिसका मारू नका कारण ११ किलोच्या वर ताण गेला की आतल्या जोड्या बिघडतात.

हे काहीच जमत नसेल तर जोड. पिळून टेप मारलेला जोड का नको? प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा आणि मोजून दिलेला असतो, तो मोडला की सिग्नल शेजारच्या जोडीत घुसतो. अगदी अडचणीत, दोन दिवसांसाठी, १०० एमबीपीएसवर असा जोड चालून जातो, नाही असं नाही, पण गिगाबिट मागू नका.

नीट जोडासाठी भिंतीत छोटा बॉक्स बसवा, दोन्ही टोकांना कीस्टोन जॅक (बॉक्समध्ये बसणारं छोटं नेटवर्क सॉकेट) लावा आणि मध्ये छोटी पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार केबल. जॅक कॅट ६ केबलला कॅट ६ चेच घ्या. वरचं कव्हर तीनेक सेंटीमीटर सोला, तारांचं इन्सुलेशन मात्र अजिबात सोलायचं नाही, जॅकच्या खाचेतलं पातं ते स्वतःच कापतं. पीळ १३ मिलीमीटरपेक्षा जास्त उघडू नका. जॅकवर ए आणि बी असे रंग छापलेले असतात, दोन्ही जॅकना एकच पद्धत धरा, मग पंचडाऊन टूलने, म्हणजे तार खाचेत दाबून बसवायच्या हत्याराने, एकेक तार दाबा.

जॅकऐवजी टोकाला प्लग क्रिंप करणार (पकडीने दाबून बसवणार) असाल तर बी चा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. हिरव्याच्या मध्ये निळी जोडी घुसलेली बघून खूप जणांना वाटतं काहीतरी चुकलंय आणि ते चारही जोड्या ओळीने लावून टाकतात. दोन्ही टोकांना तसंच केलं तर साध्या टेस्टरवर आठही लाईट लागतात आणि तरी नेट अडखळतं, कारण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी असते. हा घोळ शोधण्यात अख्खा दिवस जातो, म्हणून क्रम बदलू नका.

झालं की टेस्टर लावा, मग लिंक स्पीड बघा, मग एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मोठी फाईल कॉपी करून बघा, अर्धवट जोड तिथे लगेच उघडा पडतो. बॉक्सला झाकण लावा, त्यावर प्लास्टर चढवू नका. आणि प्लास्टर करणारा माणूस दारात उभा असला तरी टेस्ट होईपर्यंत त्याला चहा देऊन बसवून ठेवा.