हवामानाची फीड अडकते तेव्हा
विद्यापीठाच्या फलकावर ‘निरभ्र’ आणि बाहेर धो धो पाऊस! फलकाला आपोआप नोंदी पुरवणारी फीड बंद पडलेली नसते, जुनीच नोंद पुन्हा पुन्हा देत असते. म्हणून जोडणी नव्हे, नोंदीची वेळ तपासा.

१. मुख्य फीड: आवारातलं स्वयंचलित केंद्र.
२. पर्यायी: पुण्याच्या लोहगाव विमानतळाचा मेटार, म्हणजे विमानतळाचा नियमित सांकेतिक हवामान अहवाल; विमानतळाचा कोड व्हीएपीओ. त्याची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. भारतीय वेळेसाठी ५ तास ३० मिनिटं मिळवा, नाहीतर ताजी नोंदही शिळी ठरते.
३. मुख्य नोंद ४५ मिनिटांहून जुनी झाली की पर्यायीवर जा. सलग ३ ताज्या नोंदी आल्यावरच परता, नाहीतर फलक दिवसभर झोके घेतो.

पर्यायी फीड चालू असताना पावसाचा रकाना रिकामा ठेवा, शून्य नको. मेटारमध्ये मिलिमीटर नसतात. शिवाय लोहगाव कोरडं असताना शिवाजीनगरात छत्री लागते, हे पुणेकरांना काय सांगायचं!